प्रत्येक ग्राहकाच्या पोर्टला स्वतंत्र व्हीलॅन (एकाच स्विच-जाळ्यात आखलेला वेगळा आभासी विभाग) द्यावा, की सर्वांसाठी एकच ठेवावा?

स्वतंत्रच द्यावा. हा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो, कारण नागपुरात एका इंटरनेट पुरवठादाराकडे काम करताना याच मुद्द्यावर माझा वरिष्ठांशी दीर्घकाळ वाद झाला.

त्यांच्या आग्रहामुळे मानेवाड्यातील आमच्या सर्व इमारती एकाच व्हीलॅनमध्ये होत्या. एका संध्याकाळी तक्रारींचा ओघ सुरू झाला. लिंक सुरू होती, पण इंटरनेट बंद होते आणि ग्राहकांच्या राउटरना आमच्याऐवजी १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते मिळत होते. एका घरी आमची केबल वाय-फाय राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातील उपकरणांच्या) पोर्टमध्ये लावली गेली होती आणि त्या राउटरचा डीएचसीपी सर्व्हर शेजारच्या इमारतींनाही पत्ते वाटत होता. त्या राउटरच्या मॅक पत्त्याचा (हार्डवेअर ओळख क्रमांकाचा) माग काढत एकेक स्विच तपासण्यात रात्र झाली. सरांचे म्हणणे असे की दोष व्हीलॅनचा नव्हता; पोर्ट आयसोलेशन (ग्राहकांचे पोर्ट एकमेकांशी थेट बोलू नयेत यासाठीचे सेटिंग) इमारतींच्या स्विचवर होते, ते त्यांना जोडणाऱ्या मुख्य स्विचवर तेवढे राहून गेले होते. हे खरे होते, परंतु एका राहून गेलेल्या सेटिंगमुळे सारी वस्ती बंद पडत असेल, तर ती रचनाच सदोष आहे, असे मी तेव्हाही म्हणालो होतो.

त्यांचा दुसरा आक्षेप क्रमांक अपुरे पडण्याचा होता. व्हीलॅनचा क्रमांक १२ बिटांचा असल्याने वापरण्याजोगे ४०९४ क्रमांकच मिळतात, हे मान्य, पण ८०२.१एडी या मानकाच्या दुहेरी टॅगमध्ये (फ्रेमवर, म्हणजे डेटाच्या तुकड्यावर, लावलेल्या दोन व्हीलॅन क्रमांकांमध्ये) बाहेरचा क्रमांक स्विचचा आणि आतला पोर्टचा ठेवला, की ती अडचण उरत नाही आणि राउटरच्या नोंदीतील दोन आकड्यांवरून थेट घर सापडते. प्रत्येक ग्राहकासाठी राउटरवर हाताने सबइंटरफेस (त्या व्हीलॅनसाठीची वेगळी आभासी जोडणी) लिहिण्याचीही गरज नाही, कारण बीएनजी (ग्राहकांच्या जोडण्या सांभाळणारा पुरवठादाराचा) राउटर पहिल्या पॅकेटवरून तो आपोआप तयार करू शकतो.

मात्र प्रत्येक टॅगमुळे फ्रेम ४ बाइटांनी वाढते, त्यामुळे वाटेतील सर्व स्विचचा एमटीयू (चालणाऱ्या फ्रेमच्या आकाराची कमाल मर्यादा) आधी तपासून घ्या. टीव्हीचे मल्टिकास्ट (एकच प्रवाह अनेकांना पोहोचवणारे प्रसारण) सामायिक व्हीलॅनमध्येच ठेवा, नाहीतर एकाच वाहिनीची प्रत प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी पाठवावी लागेल. स्विच जुने असून दुहेरी टॅग देत नसतील, तर डीएचसीपी स्नूपिंग (ग्राहकांच्या पोर्टवरून येणारी परकी डीएचसीपी उत्तरे अडवणे) आणि ऑप्शन ८२ (पत्त्याच्या विनंतीत स्विच व पोर्टची ओळख जोडणे) सह एकच व्हीलॅन चालवता येतो. तेवढ्या एका परिस्थितीत सरांचे म्हणणे मला मान्य आहे. नवे स्विच विकत घेतल्यानंतरही तीच मांडणी चालू ठेवणे मला आजही मान्य नाही.