बायोनिक हाताचा अभ्यास स्नायूपासून सुरू करा

मेंदूतल्या चिपच्या बातम्या सध्या बाजूला ठेवा. आधी कोपराखालच्या स्नायूंचा विद्युत संकेत नीट पकडायला शिका; बायोनिक, म्हणजे यंत्रचलित कृत्रिम हात सहसा त्यावरच चालतो. कातडी स्पिरिटने पुसा. दोन इलेक्ट्रोड (संकेत टिपणाऱ्या चकत्या) स्नायूच्या फुगीर भागावर, तंतूंच्या दिशेने, २० मिलिमीटर अंतरावर लावा. तिसरा, तुलनेसाठीचा, कोपराच्या हाडावर. संकेताची सेकंदाला किमान १००० वेळा नोंद घ्या, त्यातला २० ते ४५० हर्ट्झ वारंवारतेचा पट्टा ठेवा. उपकरण बॅटरीवरच चालवा, सुरक्षिततेसाठी.

खरी अडचण पुढेच आहे. हात टेबलावर असताना संगणक संकेतावरून मूठ अचूक ओळखतो, पण हात वर उचलला, घाम आला किंवा इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर सरकला की चुकतो. म्हणून शोधनिबंधातल्या अचूकतेच्या टक्केवारीला भुलू नका. चाचणी हात गमावलेल्या माणसांवर झाली का, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली का, हे आधी शोधा.