हेत्वारोप: फक्त वाईट हेतूचाच असतो का?

प्रश्न असा आला आहे. आणीबाणीवरच्या एका वादात प्रश्नकर्त्याने लिहिलं, ‘इंदिरा गांधींनी स्वतःची खुर्ची वाचवण्यासाठीच आणीबाणी लादली.’ समोरच्याने सुनावलं, ‘ही टीका नव्हे, हा हेत्वारोप आहे.’ आणि लगेच पुढच्या ओळीत त्याच गृहस्थांनी लिहिलं, ‘देश अराजकात जाऊ नये म्हणूनच त्यांनी तो निर्णय घेतला.’ तर हेत्वारोप म्हणजे नेमकं काय? तो वाईट हेतूचाच असतो का? आणि नेत्याच्या हेतूबद्दल बोलायचंच नाही, असा काही दंडक आहे का?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे. शब्द सरळ आहे: हेतु + आरोप, उकारापुढे आ आला की व होतो, म्हणून हेत्वारोप. ‘आरोप’ ऐकलं की आज आपल्याला कोर्ट, आरोपपत्र, पिंजरा आठवतो. पण ‘आ’ उपसर्ग आणि ‘रुह्’ धातू मिळून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ चढवणे, लावणे, एखाद्यावर काही ठेवणे असा आहे. वृक्षारोपणातलं आरोपण तेच. शाळेत अलंकार शिकताना ‘निर्जीव वस्तूवर चेतनेचा आरोप’ असं आपण पाठ केलेलं असतं, तिथे वस्तूवर कोणी खटला भरलेला नसतो. वेदान्ती दोरीवर सापाचा अध्यारोप करतात तोही याच कुळातला. म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही ते आपल्या बाजूने दुसऱ्यावर चढवणं, हा आरोप. या हिशेबाने ‘देश वाचवण्यासाठीच केलं’ हाही हेत्वारोपच झाला. चांगला हेतू चढवला म्हणून तो चढवलेला नाही असं होत नाही.

व्यवहारात मात्र हेत्वारोप हा शब्द वाईट हेतूसाठी रुळला आहे आणि रुळलेल्या अर्थाशी भांडून काही हाती लागत नाही. भक्ताच्या हेत्वारोपाला आपल्याकडे वेगळं नाव पडलं नाही, एवढंच. त्याला आपण ‘विश्वास’ म्हणतो, फार तर ‘भाबडेपणा’ म्हणतो. भाषेतली ही पळवाट मोठी सोयीची आहे: विरोधकाने मनात डोकावलं की तो हेत्वारोप, आपण डोकावलं की ते नेत्याला ‘समजून घेणं’. तीच तऱ्हा ‘कावा’ आणि ‘मुत्सद्देगिरी’ची. आपल्या माणसाने चार पावलं पुढचा विचार केला तर तो मुत्सद्दी, दुसऱ्याने केला तर कावेबाज. (अपवाद ‘गनिमी काव्या’चा. तिथे महाराजांमुळे काव्यालाच प्रतिष्ठा मिळाली.)

आता मूळ वाक्य. त्यात माझ्या मते अडचण ‘खुर्ची’ची नाही, ‘च’ची आहे.

घटनाक्रम सगळ्यांना ठाऊक असतो, पण तारखा समोर ठेवलेल्या बऱ्या. 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयात न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिराबाईंची रायबरेलीतून झालेली 1971 ची निवड रद्द केली आणि सहा वर्षांची बंदी घातली. ठपका दोन गोष्टींचा: यशपाल कपूर सरकारी नोकरीत असतानाच त्यांच्याकडून प्रचाराचं काम घेतलं आणि उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांकडून सभांची व्यासपीठं, ध्वनिक्षेपकांची वीज यांची सोय करून घेतली. 24 जूनला सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदी राहा, सभागृहात बसा, मत मात्र देऊ नका. 25 ला संध्याकाळी रामलीला मैदानावर जयप्रकाशांची सभा झाली. त्याच रात्री राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांची सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते 26 च्या सकाळी कळलं. निकालापासून सहीपर्यंत तेरा दिवस.

दुसऱ्या बाजूकडेही तारखा आहेत. 1974 चा रेल्वे संप, गुजरातमधलं नवनिर्माण आंदोलन, बिहारमधलं आंदोलन, जानेवारी 1975 मध्ये समस्तीपूरला झालेल्या बॉम्बस्फोटात रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांचा मृत्यू. ‘अराजक’ हा शब्द काही हवेतून काढलेला नव्हता.

इथे न्यायशास्त्र (कोर्टाचं नव्हे, आपलं जुनं तर्कशास्त्र) कामाला येतं. आपल्या बोलण्यात हेतू म्हणजे मनातला उद्देश. नैयायिकांच्या भाषेत हेतू म्हणजे पुरावा, अनुमानाचा आधार. ‘डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो’ यात धूर हा हेतू. एकच शब्द, एका अर्थाने मनाच्या आत दडलेला आणि दुसऱ्या अर्थाने डोंगराच्या माथ्यावर उघड दिसणारा. पहिल्या हेतूबद्दल बोलायचं तर दुसरा हेतू दाखवता आला पाहिजे. तो दाखवला तर ते अनुमान, नाही दाखवला तर हेत्वारोप. माझी व्याख्या एवढीच आहे आणि ती टीकाकाराला लागू आहे तशीच भाटालाही.

मग धूर शोधू. अराजक आवरणं एवढाच हेतू होता असं मानलं, तर ऑगस्ट 1975 च्या 39 व्या घटनादुरुस्तीचं काय करायचं? तिने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेतूनच बाहेर काढली. रेल्वे रोखणाऱ्यांचा आणि रायबरेलीच्या खटल्याचा काय संबंध? इथे खुर्चीचा धूर चांगलाच दाट आहे. म्हणून ‘खुर्ची वाचवण्यासाठी’ हे अनुमान टिकतं, त्याला हेत्वारोप म्हणून उडवून लावता येत नाही.

पण ‘वाचवण्यासाठीच’? 7 नोव्हेंबर 1975 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतलं वादग्रस्त कलम रद्द केलं, तरी बदललेल्या निवडणूक कायद्याच्या आधारे बाईंची निवड वैध ठरवली. म्हणजे कोर्टाकडून खुर्चीला असलेला धोका त्या दिवशी संपला. आणीबाणी मात्र पुढे सोळा महिन्यांहून जास्त चालली. लोकसभेची मुदत वाढवली गेली, 42 वी दुरुस्ती झाली, नसबंदीची मोहीम चालली. हे सगळं ‘खुर्ची वाचवणं’ या एका खुंटीवर टांगता येत नाही. सत्तेची चटक म्हणा, भोवतालच्या माणसांवरचं अवलंबन म्हणा, आपण करतो ते देशाच्या भल्याचंच आहे अशी खरोखरची समजूत म्हणा, काहीतरी आणखी होतं. ‘च’ या सगळ्याला दार बंद करतो. मराठीत एवढं लहान आणि एवढं हट्टी दुसरं अव्यय नसेल.

बरं, समोरच्या गृहस्थांचा ‘म्हणूनच’ याच कसोटीवर आणखी लवकर कोसळतो, हेही नोंदवतो. पारडी सारखी आहेत असं दाखवण्याची मला काही घाई नाही.

याहून अवघड प्रश्न 18 जानेवारी 1977 चा आहे. त्या दिवशी बाईंनी निवडणुका जाहीर केल्या. का? समर्थक म्हणतात, लोकशाहीवरची निष्ठा. विरोधक म्हणतात, जिंकणार अशी खात्री होती म्हणून. इथे दोघांची गंमत बघण्यासारखी असते: आणीबाणी आणताना ज्यांना बाईंच्या मनातलं सगळं काळं दिसत होतं त्यांना निवडणुका देतानाही काळंच दिसतं आणि ज्यांना शुभ्र दिसत होतं त्यांना शुभ्रच. पुरावा बदलला तरी निष्कर्ष जागचा हलत नाही. नैयायिकांनी अशा आधाराला ‘अनैकान्तिक’ नावाचा हेत्वाभास म्हटलं आहे: जो हेतू निष्कर्ष खरा असला तरी सापडतो आणि खोटा असला तरी सापडतो, तो काहीच सिद्ध करत नाही. ‘निवडणूक घेतली’ ही गोष्ट निष्ठावान नेताही करेल आणि विजयाची खात्री असलेला धूर्त नेताही. तेवढ्यावरून मन वाचता येणार नाही. रायबरेलीतच, तो खटला भरणाऱ्या राजनारायण यांच्याकडून पराभव झाल्यावर, 21 मार्चला आणीबाणी उठवली गेली आणि बाई पायउतार झाल्या, ही गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. पण ‘वाटते’. मराठीने ‘होता’, ‘असावा’, ‘असणार’, ‘दिसतो’ अशी चढउताराची क्रियापदं उगाच दिलेली नाहीत. 1977 बद्दल मी ‘असावा’च्या पुढे जाणार नाही, 39 व्या दुरुस्तीबद्दल ‘होता’ म्हणायला कचरणारही नाही.

मराठी माणसाशी जोडलेलं एक उदाहरण याच काळातलं आहे. पवनारला विनोबांचं वर्षभराचं मौन चालू होतं. आणीबाणीबद्दल त्यांच्याकडून ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द आले आणि सरकारने ते पाठिंबा म्हणून गावभर मिरवले. विनोबांना ‘सरकारी संत’ म्हणून हिणवलं गेलं. 25 डिसेंबर 1975 ला मौन सुटल्यावर त्यांनी फोड केली: शासन सत्ताधाऱ्यांचं असतं, अनुशासन आचार्यांचं. काहींना हे मूळ म्हणणं वाटलं, काहींना मागाहून सुचलेली पळवाट. दोन शब्दांवर किती हेतू लादले जावेत याला मर्यादा नसते आणि बोलणाऱ्याने मौन धरलं असेल तर मग बघायलाच नको.

जाता जाता ‘इरादा’ आणि ‘नियत’. आपल्या बातम्यांत हेतू आणि इरादा सर्रास एकमेकांच्या जागी येतात. फौजदारी कायदा मात्र या दोन वेगळ्या गोष्टी मानतो. भुकेल्या पोरासाठी दुकानातून पाव उचलणाऱ्याचा इरादा चोरीचा, हेतू पोराच्या पोटाचा. गुन्हा इराद्यावर ठरतो. हा फरक आपल्या वादालाही उपयोगी आहे. 25 जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली. सकाळी पेपर निघू नयेत हा त्यातला इरादा लख्ख आहे, त्यासाठी कुणाच्या अंतःकरणात उतरायची गरज नाही. आणीबाणीबद्दल ज्या गोष्टींचा राग येतो त्यातल्या बहुतेक या रकान्यात बसतात. हेतू निर्मळ होता असं उद्या सिद्ध झालं, तरी ती वीज तोडलेलीच राहते.

‘नियत’ अरबीतून आली. रोजा किंवा नमाजाआधी करतात ती नियत म्हणजे मनाचा संकल्प. ‘त्याची नियत फिरली’ मध्ये ती मराठीत कधीच मुरली आहे. हल्लीच्या भाषणांतली ‘साफ नियत’ मात्र हिंदीच्या वाटेने आलेली दिसते. संस्कृत ‘नियत’ (ठरलेला, जसं नियतकालिक) हा पूर्ण वेगळा शब्द.

आता दंडकाबद्दल. सामान्य माणसाला असा दंडक नाही, खासदाराला आहे. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत सदस्यांनी एकमेकांवर हेत्वारोप करू नयेत असा नियम आहे, पण त्याला एक सूट जोडलेली आहे: तो हेतू हाच चर्चेचा मुद्दा असेल किंवा चर्चेसाठी अपरिहार्य असेल, तर बोलता येतं. फार शहाणी सूट आहे. रस्त्याच्या कंत्राटावर बोलताना मंत्र्याचा हेतू काढायचं कारण नाही, पण कंत्राट मेव्हण्याला दिलं असेल तर आहे. योगायोग असा की या नियमाचा क्रमांक 352 आणि संविधानातलं आणीबाणीचं कलमही 352.

शुद्धलेखनाचं एक राहिलं. प्रश्नात ‘हेतूआरोप’ आणि ‘हेतूपुरस्कर’ अशी दोन रूपं आली आहेत. सुटा शब्द लिहिताना मराठीत ‘हेतू’ दीर्घ, समासात मात्र तत्सम ऱ्हस्व उकार परत येतो: हेतुपूर्वक, हेतुतः, हेतुपुरस्सर. आणि ते ‘पुरस्सर’च, म्हणजे पुढे असलेला. ‘पुरस्कर’चा तिथे काही संबंध नाही, तो ‘पुरस्कारा’च्या ओढीने येऊन बसला असावा.