गाडी सेल्फ घेत नाही: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

इंदूरमध्ये पहाटेचा पारा १० अंशांखाली गेला की या सदराकडे एकच तक्रार वेगवेगळ्या अक्षरांत येते. गाडी सुरू होत नाही, आणि कोणीतरी आधीच सांगून टाकलेलं असतं की बॅटरी गेली. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो हे खरं. पण तिचं खरं नुकसान एप्रिल-मेच्या उन्हात झालेलं असतं, डिसेंबरात ते फक्त उघडकीस येतं.

चावी फिरवली की नुसतं टकटकटक वाजतं. काय बिघडलं असेल? (सुदामा नगर)

बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. टर्मिनल हाताने हलवून पाहा. हललं तर पान्याने आवळा. पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर आधी काळी आणि मग लाल तार काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा आणि उलट क्रमाने जोडा. दिवे लख्ख असून एकच ‘ठक्’ वाजत असेल तर दोष बहुधा सेल्फमध्ये. ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, अशा वेळी जंप देऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेऊन, काहीही होणार नाही. तिथे प्रश्न पेट्रोलचा, स्पार्कचा किंवा चावी न ओळखणाऱ्या इमोबिलायझरचा असतो.

जंपर केबल कोणत्या क्रमाने लावायची? दर वेळी वेगळं ऐकायला मिळतं. (विजय नगर)

दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना न चिकटलेल्या. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून. चांगली गाडी सुरू करून ५-१० मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. एका वेळी ५ सेकंदांहून जास्त नको, दोन प्रयत्नांत अर्धा मिनिट जाऊ द्या. काढताना क्रम बरोबर उलटा. हे सगळं करण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. काही गाड्यांत जोडायची जागा वेगळी दिलेली असते.

‘५०० अँपिअर’ छापलेल्या स्वस्त केबलींत बहुतेक जाडी रबराची असते. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. पेट्रोल गाडीला निदान १६ चौरस मिलिमीटर तांबं हवं, डिझेलला २५.

हायवेवर ट्रकवाल्याकडून जंप घेतला तर चालेल का? (राऊ)

नाही. ट्रक २४ व्होल्टचा, तुमची गाडी १२ व्होल्टची. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जळेल.

ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होते का? (तिलक नगर)

नाही. मॅन्युअल होते, पण उतारावर सोडू नका. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

दोन आठवडे रोज शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप घेतो. दुकानदार म्हणतो नवी बॅटरी घ्या. गॅरेजवाल्याने चालू गाडीच्या बॅटरीची तार काढून डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) ठीक असल्याचं सांगितलं. कुणाचं ऐकू? (रामबाग)

दोघांचंही ऐकू नका. आणि दोन आठवडे थांबायलाच नको होतं. उतरलेली बॅटरी तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेटचे कडक थर बसतात आणि चांगली बॅटरीही चार्ज धरेनाशी होते. शिवाय रिकामी बॅटरी भरण्याचं काम डायनामोचं नाही, रोज ते करायला लावलं की तोही तापून जातो. जंपने गाडी सुरू होते, बिघाड जागच्या जागी राहतो.

आधी मोजा. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली जवळपास रिकामी. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. भरलेली बॅटरीही त्या वेळी ९.६ च्या खाली कोसळत असेल तर ती थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवं. हेडलाइट आणि एसी लावूनही १३ च्या आसपासच घुटमळत असेल तर डायनामो किंवा पट्टा पाहा. १५ च्या वर जात असेल तर डायनामोचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळवतोय. स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) नव्या गाड्यांत आकडा मुद्दाम वरखाली होतो, तिथे निष्कर्ष इलेक्ट्रिशियनवर सोडा.

तिन्ही आकडे बरोबर असूनही सकाळी बॅटरी रिकामी असेल तर रात्री कोणीतरी करंट खातंय: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम. उभ्या गाडीला साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. ३०० खात असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर गेले. ३५ ची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याच्या खाली. हे मोजायला मीटर सिरीजमध्ये लावावा लागतो. ते काम इलेक्ट्रिशियनचंच. घरापासून राजवाड्यापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत बॅटरी भरत नाही, हेही धरा.

दुकानदाराची युक्ती जुनीच आहे. उतरलेल्या बॅटरीवर लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून तपासणारं यंत्र) लावला की काटा पडणारच. आधी पूर्ण चार्ज, मग टेस्ट, असा आग्रह धरा. नवी घ्यावीच लागली तर निर्मितीचा कोड वाचून घ्या, आणि वॉरंटीतले पूर्ण बदलून मिळण्याचे महिने किती, प्रो-राटाचे (वापरलेल्या काळाचे पैसे कापून सूट मिळण्याचे) किती, ते बिलावर लिहून घ्या. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला साधी बॅटरी गळ्यात मारू देऊ नका.

आणि चालू गाडीची तार काढण्याचा तो प्रकार पुन्हा कोणालाही करू देऊ नका. तार निघाल्या क्षणी डायनामोचा व्होल्टेज उसळतो आणि त्यात ईसीयू जाऊ शकतो. कोणे एके काळच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं, तेव्हा हे खपून जायचं.

सीएनजी गाडी आहे. सकाळी सेल्फ फिरतो, सुरू मात्र होत नाही. (पलासिया)

पेट्रोल किती आहे? बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात. टाकी सतत तळाशी ठेवली की पेट्रोलमध्ये बुडून गार राहणारा पंप तापतो आणि जातो. चावी ‘ऑन’ केल्यावर मागून दोन सेकंद घुंई ऐकू येते का पाहा. आली नाही तर फ्यूज तपासा, मग मेकॅनिक. निदान पाव टाकी भरलेली ठेवा.

बॅटरीत आरओचं पाणी टाकलं तर? (लोकमान्य नगर)

नको. डिस्टिल्ड वॉटरच, प्लेटा बुडून खुणेपर्यंत. अ‍ॅसिड तर मुळीच नाही.

बॅटरी एका बाजूने फुगली आहे आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. एकदा जंप देऊन गॅरेजपर्यंत नेऊ का? (एमआयजी कॉलनी)

नाही. जंप नको, चार्जर नको, जवळ काडीही ओढू नका. स्वतः उचलूनही काढू नका. इलेक्ट्रिशियनला घरी बोलवा आणि डायनामोचा रेग्युलेटर त्याच फेरीत तपासून घ्या.