डॉक्टर आपल्याच मंडळातले, त्यांना कसं सांगू?

"फॅमिली डॉक्टरकडून रेफरल आणलंत तर मेडिकेअर (ऑस्ट्रेलियाची सरकारी आरोग्य विमा योजना) बरेचसे पैसे परत देतं," असं मी सायकॉलॉजिस्ट म्हणून सांगितलं की समोरचा माणूस हमखास गप्प होतो. पैशाची ओढाताण असलेलासुद्धा. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक भागात राहणाऱ्या आपल्या लोकांचा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, बऱ्याचदा आपल्यातलाच असतो, आणि गणपतीत त्याच्याच शेजारी आरतीला उभं राहायचं असतं.

मुक्ताचं तेच होतं. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सांगलीला वडील गेले, ही पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहणं. डॉक्टरांना तिने एवढंच सांगितलं होतं की फार दमायला होतं. त्यांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. ऐकलं तेवढ्यावर त्यांनी योग्य तेच केलं.

माझ्याकडे ती परस्पर आली. "ताई, मी पूर्ण फी देते, पण डॉक्टरांना कळायला नको. त्यांच्या मिसेस आणि मी एकाच भिशीत आहोत."

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची फी इथे सहज अडीचशे-तीनशे डॉलरच्या घरात जाते. जीपीने मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन (मानसिक उपचारांचा लेखी आराखडा) करून रेफरल दिलं, तर जुलै २०२५ पासूनच्या दराने क्लिनिकलकडे दर सेशनमागे सुमारे १४५ डॉलर आणि इतर नोंदणीकृत सायकॉलॉजिस्टकडे सुमारे ९९ डॉलर परत मिळतात. ही सोय २००६ पासून आहे. कॅलेंडर वर्षात अशी दहा सेशन्स मिळतात. वरचा फरक आपण भरायचा. काही ठिकाणी बल्क बिलिंग असतं, म्हणजे आपल्याला काहीच भरावं लागत नाही, पण तिथे रांग लांब. (नुसत्या 'काउन्सेलर'कडे जाऊन हे पैसे मिळत नाहीत, हे आधी विचारून घ्या. त्यात पुष्कळ जण फसतात.)

मुक्ताला हे सगळं पाठ होतं. अडत होतं भलतीकडेच. नोकरीत कळलं तर? नवऱ्याचा सिटिझनशिपचा अर्ज अडकला तर? ऑफिसला तुमच्या मेडिकेअरच्या नोंदी दिसत नाहीत, आणि सिटिझनशिपच्या अर्जात तब्येतीची अट नसते. विम्याबाबत मात्र मी गोड बोलले नाही. लाइफ इन्शुरन्सच्या फॉर्ममध्ये आजार आणि उपचार विचारतात आणि तिथे खरं लिहावंच लागतं. पण प्रश्न उपचार घेतले का हा असतो, पैसे कोणी भरले हा नाही. खिशातून फी भरून त्या रकान्यातून सुटका होत नाही.

राहिले डॉक्टर. मंडळातले असले तरी गुप्ततेच्या नियमाने तेही बांधील आहेत, हे तिला पटत होतं आणि तरी तोंड उघडवत नव्हतं. मी ताणलं नाही. लांबच्या एखाद्या अनोळखी क्लिनिकमध्ये एकदाच जाऊन प्लॅन करून आणते, असं तिच्या मनात होतं. तशी वाट आता बंद झाली आहे: १ नोव्हेंबर २०२५ पासून हा प्लॅन तुमच्या नेहमीच्या जीपीने किंवा मायमेडिकेअरमध्ये (पेशंटने आपलं नेहमीचं क्लिनिक नोंदवायची योजना) तुमची नोंद असलेल्या क्लिनिकनेच करायचा असतो. पण 'नेहमीच्या'मध्ये त्याच क्लिनिकमधले दुसरे डॉक्टरही येतात. तिच्या क्लिनिकमध्ये आठवड्यातून काही दिवस एक व्हिएतनामी बाई बसायच्या. काउंटरवर मोठ्याने काही सांगावं लागू नये म्हणून तिने ऑनलाइन बुकिंग केलं आणि लाँग अपॉइंटमेंट घेतली. साध्या भेटीत हे काम उरकत नाही.

तिथे तिला के-टेनचा, म्हणजे मनावरचा ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीचा, कागद दिला. गेल्या चार आठवड्यांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. विनाकारण थकवा आला का, इथे तिने पटकन खूण केली. कशानेच बरं वाटू नये इतकं मन उदास झालं का, इथे पेन थांबलं. "बाबांचं पहिल्यांदा तिथे बोलले," ती मला म्हणाली. "त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि टायपिंग थांबवलं."

एक रेफरल जास्तीत जास्त सहा सेशन्सचं असतं. ती झाली की सायकॉलॉजिस्ट जीपीला रिपोर्ट पाठवतो आणि जीपी पुढची चार ठरवतो. या रिपोर्टची मुक्ताला धास्ती होती, म्हणून मसुदा मी तिच्यासमोरच उघडला. किती वेळा आली, झोप कशी आहे, कुठली पद्धत वापरली, पुढे काय हवं. एका ओळीत सासूबाईंचा उल्लेख होता. "हे हवंच का?" नव्हतं हवं. खोडलं. असं विचारायचा हक्क तुम्हालाही आहे. माझ्या अनुभवात फार थोडे जण विचारतात.

दहापैकी दोन सेशन्स, तुमची संमती असेल तर, घरच्या माणसासाठी वापरता येतात. एकात तिचा नवरा आला. रात्री ती उठली की तो झोपेचं सोंग घेत असे, कारण काय बोलावं ते सुचत नसे. हे दोघांना एकमेकांबद्दल माझ्या खोलीत कळलं. वर्ष संपताना दोन सेशन्स उरली. आकडा जानेवारीत नव्याने सुरू होतो आणि रेफरलमधली उरलेली सेशन्स तेव्हाही चालतात, त्यासाठी नवा प्लॅन लागत नाही. म्हणून डिसेंबरात घाई करून ती संपवली नाहीत.

शेवटी शेवटी ती आईबद्दल बोलू लागली. सांगलीत आईही रात्र रात्र जागी. आईला इथे बोलावून दाखवता येईल का? व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आपल्या आईवडिलांना मेडिकेअर मिळत नाही, पूर्ण फी पडते. मी तिला भारत सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला: फुकट, मराठीतून, कुणाची चिठ्ठी लागत नाही. तिने त्याच संध्याकाळी आईला सांगितला. आई म्हणाली, "करते गं फोन. पण तू आधी सांग, तिथे काय काय विचारतात?"