व्हर्च्युअल स्कूल पहिल्यांदाच घेताय? आधी अटेंडन्सचं बघा

ताई, अमेरिकेत नवीन आहात म्हणून आधी हे सांगते, पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टचं (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) व्हर्च्युअल लर्निंग, म्हणजे घरून ऑनलाईन शाळा, हे होमस्कूलिंग नव्हे, जिथे शिकवणं आईवडिलांवर असतं. मुलगा डिस्ट्रिक्टचाच विद्यार्थी राहतो, शिक्षक त्यांचे, ग्रेड त्यांचे, फी नाही. क्रोमबुक (साधा लॅपटॉप) बहुतेक ठिकाणी शाळाच देते, घरी नेट धड नसेल तर हॉटस्पॉट (मोबाईल नेटवर चालणारं छोटं वायफाय यंत्र) मिळतो का तेही बिनधास्त विचारा.

खरी गोम अटेंडन्समध्ये आहे. थोडे तास लाईव्ह असतात, बाकीचं काम पोरांनी आपलं आपण करायचं, आणि हजेरीचा नियम सगळीकडे सारखा नसतो, कुठे लॉगिन केलं की हजर तर कुठे काम सबमिट केल्याशिवाय हजेरी लागतच नाही, म्हणजे पोरगा दिवसभर स्क्रीनसमोर आणि पोर्टलवर ॲबसेंट! पहिल्याच आठवड्यात टीचरला ईमेल टाकून हे विचारा.

शाळेचं काम ज्या ॲपवर चालतं ते गूगल क्लासरूम असेल तर गार्डियन ईमेल (मुलाच्या कामाचा सारांश पालकांना येतो) चालू करून मागा, कॅनव्हास असेल तर ऑब्झर्व्हर अकाउंट (पालकांना नुसतं बघता येणारं खातं). मुलं "झालंय" म्हणतात, झालेलं असतंही, फक्त शेवटी टर्न इनचं, म्हणजे काम जमा करायचं, बटण दाबलेलं नसतं, मग तिकडे मिसिंग दिसतं. रोज संध्याकाळी शेजारी बसून ते एक बटण बघाच.

लहान वर्गातलं मूल असेल तर घरी मोठं माणूस हवंच, त्याशिवाय हे घेऊ नका असं माझं स्पष्ट मत. मुलाला आयईपी (विशेष गरजांच्या मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेली शिक्षण योजना) असेल तर तो ऑनलाईनमध्येही लागू राहतो, पण थेरपी कशी देणार ते आयईपीच्या मीटिंगमध्ये लेखी घ्या. आणि राज्याच्या परीक्षेला बऱ्याचदा शाळेत जावं लागतं, ती तारीख आत्ताच विचारून ठेवा.