कागदपत्रं शोधायची क्वेरी लिहायला शिकताना

क्वेरी म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेला प्रश्न. सुरुवातीलाच पाच अटींची क्वेरी लिहू नकोस. आधी लिमिट २० लावून, म्हणजे फक्त वीसच मागवून, नुसत्या ओळी बघ: कॉलम कोणते आहेत, तारीख कशी साठवली आहे, लेखकाचं नाव कुठे रिकामं आहे. मग व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटींच्या भागात, एकेक अट वाढव आणि दर वेळी किती ओळी उरल्या ते मोज.

रिकाम्या नोंदींवर नवखे हमखास अडकतात. रिकाम्या नोंदीला नल म्हणतात, पण ‘लेखक = नल’ लिहिलंस तर एकही ओळ येणार नाही; तिथे ‘इज नल’च लागतं. आणि अमुक लेखक नको अशी अट घातलीस, की ज्यांचा लेखक नोंदवलेलाच नाही ती कागदपत्रंही गळतात. एरर येत नाही, यादी व्यवस्थित दिसते, म्हणून ही चूक मला सगळ्यात घातक वाटते.

शीर्षकातला शब्द शोधायला लाइक, म्हणजे नमुना जुळवणारी अट, चालतं. पण शब्दाच्या आधी टक्क्याचं चिन्ह (‘इथे काहीही चालेल’) आलं की साधा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, कामी येत नाही, बहुतेक वेळा अख्खं टेबल चाळावं लागतं. फाइलच्या आतल्या मजकुरासाठी फुल-टेक्स्ट इंडेक्सच, म्हणजे मजकुरातल्या शब्दांची सूचीच, हवा.

अँड (दोन्ही अटी हव्यात) आणि ऑर (एक पुरे) एकत्र आले तर कंस घालच. नाहीतर अँड ऑरच्या आधी जुळतो.