वाचक विचारतात : चाळिशीत चित्रपुस्तकं सुरू करता येतात का?

प्रश्न : मी जाहिरात एजन्सीत आर्ट डिरेक्टर आहे, साबण-बिस्किटांच्या जाहिराती करण्यात बरीच वर्षं गेली. मुलगी साडेतीन वर्षांची, तिला एरिक कार्लचं भुकेल्या सुरवंटाचं चित्रपुस्तक 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' तोंडपाठ आहे आणि सुरवंटाने खाल्लेल्या त्या भोकांत बोट घालून घालून पानं फाटायला आलीयत. ते बघून मलाही मुलांसाठी चित्रपुस्तक करावंसं फार वाटतं पण घरचे म्हणतात चाळिशी आली, आता कुठे, हे विशीत सुरू करायचं असतं. हा माणूस लहानपणापासून हेच करत होता का?
— एक आई, मुलुंड

उत्तर : अहो ताई, तो तर तुमच्याच लाइनीतला! न्यूयॉर्कमध्ये जाहिरात एजन्सीत आर्ट डिरेक्टर होता आणि मुलांचं पहिलं पुस्तक आलं १९६७ ला, म्हणजे तोही चाळिशीला टेकलाच होता. आणि ते पुस्तक मिळालं कशामुळे तर जाहिरातीमुळेच. एका जाहिरातीसाठी त्याने लालभडक शेवंड केली होती, ती बिल मार्टिन ज्युनियर या लेखकाच्या नजरेत भरली आणि त्याने आपल्या 'ब्राउन बेअर' या गोष्टीची चित्रं कार्लकडूनच करून घेतली. त्यामुळे साबण-बिस्किटांत गेलेली वर्षं फुकट गेली असं अजिबात समजू नका.

बाकी त्याचं लहानपण वाचलं ना की पोटात तुटतं. जन्म १९२९ चा, अमेरिकेतल्या सिरॅक्यूजचा, आईवडील जर्मन. तिथल्या बालवाडीत मोठे कागद, जाड ब्रश, भरपूर ऊन, मुलगा एकदम खूश. मग तो सहा वर्षांचा असताना, १९३५ ला, घरचे सगळे जर्मनीत श्टुटगार्टला परत गेले आणि तिथल्या शाळेत छडी. वडील त्याला रानात फिरायला न्यायचे, दगड उचलून खालचे किडे दाखवायचे आणि परत तो दगड होता तसा अलगद ठेवायचे. ते वडील युद्धात सैन्यात ओढले गेले, रशियनांच्या कैदेत पडले, १९४७ ला परत आले तेव्हा वजन होतं जेमतेम ३८ किलो. कार्ल स्वतः पंधराव्या वर्षी सीमेवर खंदक खणत होता. आता त्याच्या पुस्तकांतले सुरवंट, कोळी, रातकिडे, काजवे बघा, मला तरी त्या प्रत्येकात ते दगड उचलणारे वडीलच दिसतात.

आणि एक चित्रकलेचे सर होते, क्राउस म्हणून. नाझींनी आधुनिक चित्रांवर बंदी घातली होती त्या काळात या सरांनी बारा-तेरा वर्षांच्या कार्लला घरी बोलावून त्याच बंदीतल्या चित्रांच्या प्रती गुपचूप दाखवल्या, कुणाला बोलू नकोस म्हणून बजावलं. पकडले गेले असते तर सरांचं काय झालं असतं विचार करा. पुढे २०११ ला, ऐंशी ओलांडल्यावर, कार्लने निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकाराचं पुस्तक केलं ते याच आठवणीतून, फ्रान्झ मार्क या चित्रकाराला मानवंदना म्हणून. मला ते सुरवंटापेक्षाही जवळचं वाटतं, मिळालं तर मुलीला जरूर दाखवा.

१९५२ ला तो खिशात ४० डॉलर घेऊन न्यूयॉर्कला परत आला, चित्रकार-डिझायनर लिओ लिओनीच्या मदतीने न्यूयॉर्क टाइम्समध्ये ग्राफिक डिझायनरची नोकरी लागली, मधे अमेरिकेच्या सैन्यातही जावं लागलं, मग एजन्सी.

आता सुरवंट. कार्ल एकदा पंचिंग मशीनने कागदांच्या गठ्ठ्याला भोकं पाडत होता, ती बघून त्याला वाटलं अरे हे तर कसर लागल्यासारखं दिसतंय. म्हणून गोष्ट आधी पुस्तकातल्या किड्याची होती! संपादक होत्या अ‍ॅन बेनेड्यूस, त्यांना किडा काही पटेना, त्या म्हणाल्या सुरवंट केला तर? आणि कार्लच्या तोंडून लगेच निघालं, फुलपाखरू! झाली गोष्ट. पण खरी अडचण पुढेच होती, एक सफरचंद, दोन पेअर, तीन प्लम अशी वाढत्या रुंदीची पानं आणि प्रत्येकाला भोक, हे छापायला अमेरिकेत परवडेना, शेवटी बेनेड्यूसबाईंनी जपानमध्ये छापणारा शोधला आणि १९६९ ला पुस्तक आलं. आजवर ६० हून जास्त भाषा आणि ५ कोटींहून जास्त प्रती.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की कार्लने नुसती चित्रं नाही काढली, अख्खी वस्तू डिझाइन केली, अर्धं पुस्तक अर्धं खेळणं. लेआउट, कागद, कटिंग हे सगळं तुम्हाला रोजचंच आहे, नुसतं छान चित्र काढणाऱ्याला ते येत नाही. तेव्हा आधी डमी, म्हणजे कच्ची नमुना प्रत करा. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानी असतात कारण १६-१६ पानांचे दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकदम छापून दुमडलेले गठ्ठे) बसतात, आठ साधे कागद मधोमध दुमडून स्टेपल करा, पेन्सिलने ढोबळ काढा आणि मुलीसमोर पानं उलटून बघा ती कुठे थांबते. रंग नंतर. नोकरी सोडायची घाई मात्र करू नका.

प्रश्न : कार्लसारखी चित्रं वर्गात मुलांकडून करून घेता येतील का?
— बालवाडीच्या बाई, गिरगाव

उत्तर : नक्की येतील बाई. तो रंगीत कागद विकत आणत नव्हता, पांढऱ्या टिश्यू पेपरवर (पतंगासारखा पातळ कागद, हात पुसायचा नव्हे) स्वतः अ‍ॅक्रिलिक फासायचा, ब्रशने, बोटांनी, स्पंजने, वाळले की रंगांप्रमाणे खणांत ठेवायचा आणि लागेल तसं कापून चिकटवायचा. टिश्यू अब्दुल रहमान स्ट्रीटला स्वस्त पडतो. ओला कागद उचलू नका, टराटरा फाटतो, खाली प्लास्टिक अंथरा आणि पूर्ण सुकल्यावर सोलून काढा, पावसाळ्यात दोन दिवस धरूनच चाला. चिकटवायला मैद्याची खळ चालते. रंगवणं एका दिवशी आणि कापणं दुसऱ्या दिवशी ठेवा, आणि कृपा करून फळ्यावर सुरवंट काढून देऊ नका, मुलं हुबेहूब तोच करतात.

प्रश्न : हे सगळं इंग्रजीत, मराठीत असं कोण करतं?
— आजोबा, दादर

उत्तर : आजोबा, माधुरी पुरंदरे! लिहितातही त्याच आणि चित्रंही त्यांचीच. शिकल्या आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, पुढे पॅरिसला. २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळालाय. त्यांच्या पुस्तकांतल्या घरात आजी-आजोबा, पसारा, भांडणं, दुपारची झोप सगळं असतं, नातवंडांना ते आपलंच घर वाटतं. 'राधाचं घर'पासून सुरुवात करा, ज्योत्स्ना प्रकाशनाचं आहे. दादरलाच आहात तर आयडियल या पुस्तकांच्या दुकानात चौकशी करा, आणि नातवंडाला सोबत न्या, पुस्तक त्यालाच निवडू द्या.